आलेखाची सीमा कोण आखतो?

गोसीखुर्द धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर. समजा, पाणी २४३ मीटरवरून तेथवर चढले आणि आपण संगणकावर त्याचा रेषालेख काढला. उभा अक्ष शून्य ते अडीचशे ठेवला, तर तो अडीच मीटरांचा चढ आलेखाच्या उंचीचा शंभरावा भाग होतो. रेषा आडवी पडते. पाहणारा म्हणेल, काहीच घडले नाही. वैनगंगेकाठच्या माणसाला विचारा, अडीच मीटर पाणी म्हणजे काय! चूल, गोठा, धानाची बांधी. आता अक्ष २४३ ते २४६ ठेवा. तीच रेषा सहातले पाच भाग उंची चढते. आकडा एकही बदललेला नाही. येथील शून्य समुद्राचे आहे, गावाचे नाही. ते सोडले तर खोटेपणा होत नाही. मात्र खंडित अक्षाची खूण व सीमा चित्रावर स्पष्ट लिहावी.

खर्चाचे तसे नाही. १९८३ साली हा प्रकल्प ३७२.२२ कोटींचा होता. २००८ मध्ये तो ७,७७७.८५ कोटींवर आणि २०१६ मध्ये १८,४९४.५७ कोटींवर गेला. स्तंभालेखात स्तंभाची उंची हीच रक्कम, म्हणून तेथे शून्य हवेच. अक्ष सात हजारांपासून सुरू केला, तर शेवटचा स्तंभ मधल्याच्या जवळपास पंधरा पट दिसेल. खरी वाढ अडीच पटीहून कमी आहे. आणि १९८३ चा स्तंभ दिसणारच नाही! आडवा अक्ष २००८ पासून धरला तरी तेच होते. पन्नासपट वाढ अडीच पटींच्या आत येते, पंचवीस वर्षे कागदाबाहेर जातात. प्रस्थापितांना असा आलेख सोयीचा असतो.

पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये उभ्या अक्षासाठी ‘सेट_वायलिम’ आणि आडव्यासाठी ‘सेट_एक्सलिम’ ही आज्ञा आहे. कंसात आधी खालची, मग वरची सीमा. क्रम उलटला तर अक्षच उलटतो. चढते पाणी उतरताना दिसते. सीमेबाहेरचे आकडे पुसले जात नाहीत, फक्त काढले जात नाहीत, आणि यंत्र त्याची सूचनाही देत नाही.

आपण सीमा दिली नाही, तर यंत्र हाती असलेल्या आकड्यांवरून ती ठरवते. येथे आपले विद्यार्थी हमखास फसतात. दोन धरणग्रस्त गावांच्या मोबदल्याचे दोन वेगळे स्तंभालेख शेजारीशेजारी काढले, की प्रत्येकातला सर्वात मोठा स्तंभ जवळजवळ माथ्याला टेकतो. ज्याला निम्मे मिळाले तो आणि ज्याला पूर्ण मिळाले तो, दोघे सारख्याच उंचीचे! आलेख एकत्र मांडताना ‘शेअरवाय’ला ‘ट्रू’ म्हटले, की दोन्हींना एकच उभा अक्ष मिळतो. पुनर्वसनाच्या निवेदनाला आलेख जोडण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे. समोरचा अधिकारी आकडे वाचण्याआधी चित्र पाहतो.