त्वचेचा कर्करोग आणि घरातील शुश्रूषा

आपल्या कुटुंबांत एक गोष्ट न बोलता ठरून जाते. घरात कोणी अंथरुणाला खिळले की, त्याचे सारे करणारे एक माणूस आपोआप नेमले जाते. ती कधी सून असते, कधी मुलगी, कधी पत्नी, तर कधी नोकरीतून निवृत्त झालेला थोरला मुलगा. औषधांच्या वेळा त्याच्या डोक्यात असतात, डॉक्टरांचे कागद त्याच्या कपाटात असतात आणि रात्री हाक आली की उठावयाचे तेही त्यानेच. अशा माणसाला स्वतःला काही होईल हा विचार घरच्यांच्या मनात येत नाही आणि त्याच्या स्वतःच्याही मनात येत नाही. प्रस्तुत लेख त्या माणसासाठी व त्याच्या घरच्यांसाठी आहे.

उदाहरणासाठी त्वचेचा कर्करोग घेतला आहे, त्यास कारण आहे. हा रोग शरीरात दडून बसत नाही. तो डोळ्यांना दिसतो. परंतु आरंभी तो बहुधा दुखत नाही. त्यामुळे "सासूबाईंना जरा बरे वाटू दे, मग दाखवू" असे म्हणून तो सहज मागे टाकला जातो. वेळीच दाखविला तर लहानशा शल्यक्रियेने निभावणारा हा रोग अशा मागे टाकण्यानेच मोठा होतो.

रोगाचे मुख्य प्रकार

आपल्या देशात त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या देशांच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य अधिक असते व ते सूर्याच्या अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण करते. पण कमी आढळतो याचा अर्थ होतच नाही असा नव्हे. उलट, तो होतच नाही या समजुतीमुळे आपल्याकडचे रोगी उशिरा डॉक्टरांकडे पोहोचतात.

त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला बेसल सेल कार्सिनोमा. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला किंवा पापणीजवळ होतो. मोत्यासारखी चकाकणारी लहान गाठ येते. आपल्या वर्णाच्या लोकांत ती पुष्कळदा काळसर असते आणि तीळ वा चामखीळ वाटते. तो सावकाश वाढतो व शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. परंतु वर्षानुवर्षे तसाच ठेवल्यास नाक वा डोळा कुरतडून टाकतो.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा उन्हाने होतो तसाच जुन्या भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर किंवा सतत घासल्या जाणाऱ्या जागीही होतो. याचा आपल्या पोशाखाशीही संबंध आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कमरेवर घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे लुगडे व परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधणाऱ्या स्त्रियांतही कमरेवर असाच रोग आढळला. कमरेवर काळा पट्टा पडतो, तो खाजतो, तेथे भेग पडते व ती भरत नाही. उपाय साधा आहे. नाडी रुंद असावी, ती सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलावी आणि न भरणारी भेग डॉक्टरांना दाखवावी.

तिसरा मेलॅनोमा. तिघांत हा विरळा, पण सर्वांत घातक. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींतच तो उद्भवतो आणि लवकर लसिकाग्रंथींत व इतर इंद्रियांत पसरू शकतो. आपल्या लोकांत तो बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. या जागांचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. म्हणून "मी उन्हात जात नाही" हे उत्तर येथे पुरत नाही.

डाग कसा पाहावा

तिळाच्या बाबतीत पाच गोष्टी पाहाव्यात. त्याचे दोन अर्धे भाग सारखे आहेत की नाहीत. कडा रेखीव आहे की वेडीवाकडी. रंग एकच आहे की काळा, तपकिरी, लालसर असा मिसळलेला. रुंदी सहा मिलिमीटरहून अधिक आहे काय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अलीकडे त्यात बदल होत आहे काय. याखेरीज महिन्याभरात न भरणारी जखम, पुनःपुन्हा रक्त येऊन खपली धरणारा फोड आणि मार लागल्याचे आठवत नसताना नखाखाली उमटलेली काळी रेघ, ही दाखविण्याजोगी लक्षणे होत.

शुश्रूषा करणारे माणूस रोग्याला रोज पुसते, कूस बदलून देते, पाठीला व्रण पडला की काय हे पाहते. त्याच्या स्वतःच्या पाठीकडे आणि तळव्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. महिन्यातून एकदा, रविवारी तेल लावून न्हाण्याच्या वेळी, घरातील दुसऱ्या कोणी ते पाहावे. यास पाच मिनिटे पुरतात.

निदान व उपचार

संशय आल्यास डॉक्टर त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. "सुरी लागली की कर्करोग पसरतो" अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची आहे. आणि तिच्यापायी तपासणी टाळणे हेच धोक्याचे आहे. हा रोग स्पर्शाने वा एकत्र जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. तेव्हा वृद्ध आईला भरविणे, नातवंडाला जवळ घेणे बंद करण्याचे कारण नाही.

पहिल्या दोन प्रकारांत, रोग लवकर सापडल्यास, भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह तो भाग काढून टाकणे एवढ्यानेच बहुतेक रोगी बरे होतात. ज्यांना शल्यक्रिया सोसणार नाही त्यांच्यासाठी किरणोपचार आहेत. मेलॅनोमात तो किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. म्हणून तेथे दिरंगाई मुळीच करू नये. पसरलेल्या मेलॅनोमावर पूर्वी फारसा इलाज नव्हता. २०११ सालापासून शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाविरुद्ध मोकळे करणारी औषधे मिळू लागली, आणि त्यामागील संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती सर्वांनाच लागू पडतात असे नाही व खर्चिकही आहेत. परंतु आशेला जागा नाही असे आता कोणी म्हणू नये.

घर कसे चालवावे

आता खऱ्या अडचणीकडे वळू. समजा, घरात पक्षाघाताने पडून असलेल्या सासूबाई आहेत, यजमानांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, आणि या दोघांचे करणाऱ्या सूनबाईंच्या तळपायावरील डाग मेलॅनोमा ठरला. तळव्याची शल्यक्रिया झाली, तेथे मांडीची कातडी लावली, तर काही आठवडे ते पाऊल जमिनीला टेकता येत नाही. हे ऐकताच त्या घरी पहिला विचार येतो तो उपचार पुढे ढकलण्याचा. तो सर्वांत महागात पडणारा विचार होय. सूनबाईंचे पाऊल आज काही आठवडे थांबले नाही, तर उद्या तिघांचेही करणारे कोणी उरणार नाही.

म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न स्पष्ट विचारावेत. रोग कोणत्या प्रकारचा व किती खोल आहे? शल्यक्रिया किती दिवसांत झालीच पाहिजे? त्यानंतर उभे राहणे, वजन उचलणे, रोग्याची कूस बदलणे किती दिवस बंद? आणि पुढे तपासणीस किती वेळा यावयाचे? तिसरा प्रश्न डॉक्टरांना आपण होऊन सुचेलच असे नाही, कारण घरी कोण कोणाचे करते हे त्यांना ठाऊक नसते. ते त्यांना सांगितले पाहिजे.

त्यानंतर एक वही घ्यावी. डोक्यात असलेले सारे तीत उतरवावे. कोणते औषध, केव्हा, जेवणाआधी की नंतर. कोणाची कोणती तारीख. कागद कोणत्या कप्प्यात. सासूबाईंना रात्री काय लागते, त्यांना चहा किती कोमट चालतो. अशी वही झाली म्हणजे काम वाटून देता येते. एरवी "माझ्यावाचून कोणाला जमणार नाही" हे खरेच ठरते.

निदान रोग्यापासून लपविण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रेमाने केले तरी ते हिताचे नाही, आणि जिच्यावर घर उभे आहे तिच्या बाबतीत तर मुळीच नाही. तिला ठाऊक नसेल तर ती तजवीज कशी करणार? मुलांनाही त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे की, आईच्या पायाला रोग झाला आहे, डॉक्टर तो काढणार आहेत, तो कोणाला लागत नाही आणि त्यात कोणाचा दोष नाही. वडीलधाऱ्यांना थोडक्यात, पण खरे तेच सांगावे.

खर्च व सोयी

पात्र कुटुंबांना २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. गुजरातेत ही मर्यादा २०२३ साली दहा लाख करण्यात आली. २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्न न पाहता, या योजनेत घेतले आहे. तेव्हा घरातील वृद्धांचे कार्ड आधीच काढून ठेवावे. वडोदऱ्यास सयाजी रुग्णालय आहे. अहमदाबादेस १९७२ पासून कर्करोगासाठी स्वतंत्र संस्था आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग्याला व त्याच्या सोबत्याला रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वे भाड्यात सवलत देते. मुंबईस जावे लागल्यास दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दूरगावच्या रोग्यांची सोय होते.

आपण काय करावे

अशा घरी आपण समाचाराला जातो, आणि निघताना "काही लागले तर कळवा" असे म्हणतो. हे मनापासून म्हटलेले असले तरी त्या घरातून निरोप येत नाही. मागावयाची सवय नसलेली माणसे मागत नाहीत. त्यापेक्षा "मंगळवारी दहा ते दोन मी आजींजवळ बसेन", "डायलिसिसला यजमानांना मी नेऊन आणतो", "आठवडाभर रात्रीची पोळीभाजी आमच्याकडून", असे ठरवून सांगावे. वही असेल तर नवख्या माणसालाही चार तास निभावता येतात.

आपल्या संस्थेने विद्यार्थ्यांना, निराधारांना मदतीचा हात दिला आहे. या महोत्सवी वर्षात सभासदांनी आणखी एक लहानशी गोष्ट मनावर घ्यावी. आपापल्या आळीत दीर्घ आजारपण असलेली घरे कोणती, आणि तेथे करणारे माणूस कोण, याची नोंद ठेवावी. आणि त्या माणसाला वर्षातून एकदा तरी स्वतःची तपासणी करून घेता यावी म्हणून अर्धा दिवस मोकळा करून द्यावा. यास निधी फारसा लागत नाही. लागतो तो आपला वेळ, आणि तो देण्यासारखा आपल्यापाशी आहे.