संगणकाची पत्रिका जुळवताना

पहिला संगणक सुटे भाग आणून जुळवायचा, तर पुष्कळजण आधी प्रोसेसर घेतात नि बाकीचे मागाहून पाहतात. आम्हीही तेच केले, आणि घरची चांगली डीडीआर ४ मेमरी वाया गेली. प्रोसेसर होता एएम ५ सॉकेटाचा. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरील त्याची बैठक. २०२२ साली आलेल्या या बैठकीच्या बोर्डावर केवळ डीडीआर ५ चालते. दोहोंची खाच निरनिराळ्या जागी, त्यामुळे जुनी पट्टी बसतच नाही. (बळ लावून उपयोग नाही, हे अनुभवाने सांगतो!) इंटेलच्या एलजीए १७०० बैठकीचे मात्र दोन्ही जातींचे बोर्ड निघाले, तेव्हा खोक्यावरील अक्षरे वाचूनच पैसे मोजावेत. बैठक जुळूनही बोर्डाचे बायॉस जुने असले, तर नवा प्रोसेसर ओळखला जाईलच असे नाही.