विश्लेषण : संत्र्याच्या सालीतून इथेनॉल कसे मिळते? ते परवडते का?

ज्यूसच्या कारखान्यात संत्री पिळली की जवळपास निम्मे वजन साल, चोथा आणि बियांच्या रूपात उरते. या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी असल्याने तो लवकर आंबतो आणि दुर्गंधी सुटते. वाळवून त्याचे पशुखाद्य करता येते, पण वाळवण्यालाच भरपूर इंधन लागते. म्हणून सालीतून साखर काढून इथेनॉल बनवण्याचा पर्याय पुढे आला.

साखर असते कुठे?

थोडी साखर सालीत मोकळीच असते. उरलेली सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिनच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. इथेनॉल तयार करणाऱ्या यीस्टला या साखळ्या तोडता येत नाहीत.

एन्झाइम काय करतात?

साखळ्यांचे दुवे कापतात. पेक्टिनेज हे एन्झाइम पेक्टिन विरघळवते, सेल्युलेज सेल्युलोजचे तुकडे करते, तर बीटा-ग्लुकोसिडेज त्यातून ग्लुकोज मोकळे करते. सुमारे ४५ ते ५० अंश सेल्सिअसला, किंचित आंबट द्रावणात हे काम चालते. ही एन्झाइम प्रामुख्याने बुरशीपासून मिळवतात. सेल्युलेज देणारी ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर कुजलेल्या लष्करी कापडावर सापडली होती.

अडचण कोणती?

सालीला सुवास देणारे लिमोनीन हे तेल यीस्टची वाढ रोखते. त्यामुळे ते आधी वाफेने काढावे लागते. ते वाया जात नाही. सुगंधी द्रव्ये आणि सफाईच्या उत्पादनांसाठी विकले जाते. दुसरे म्हणजे, पेक्टिनमधून सुटणारे गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल नेहमीच्या यीस्टला पचत नाही.

परवडते का?

एक टन ओल्या सालीत कोरडा भाग सुमारे २०० किलो. त्यातून १०० किलो आंबवण्याजोगी साखर मिळाली असे धरले, तरी इथेनॉल जास्तीत जास्त ५१ किलो, म्हणजे सुमारे ६५ लिटर मिळेल. प्रत्यक्षात त्याहून कमीच. त्यातून एन्झाइम, वाफ आणि ऊर्ध्वपातनाचा खर्च वजा जातो. शिवाय हंगाम काही महिन्यांचाच.

नागपुरी संत्री मुख्यतः ताजीच खाल्ली जातात, त्यामुळे त्यांची साल घरोघरच्या कचऱ्यात विखुरते. साल एकाच जागी मिळते ती प्रक्रिया कारखान्यात. तिथेही केवळ इथेनॉलवर गणित बसवणे अवघड आहे. तेल, इथेनॉल आणि उरलेल्या चोथ्याचे पशुखाद्य या तिन्हींना दाम मिळाला, तरच ते जुळू शकते.