डीपीच्या घूंघूंमधली वीज

चंदगड तालुक्यातल्या तिलारी प्रकल्पाचे पाणी सह्याद्री उतरून कोकणातल्या वीजगृहात पोहोचते, तेव्हा त्या उंचीची वीज होते. त्या मापाने पाहिले, तर सिलिकॉनवर कोरलेले, केसाएवढ्या जाडीच्या भागांचे ‘मेम्स’ उपकरण कंपनांतून वीज देणार, हा दावा फसवा वाटतो. आणि दिवे पेटवण्यापुरता तो फसवाच आहे. एक उपकरण 50 मायक्रोवॅट देते असे धरले, तर 10 वॅटच्या एका एलईडी दिव्याला अशी दोन लाख उपकरणे लागतील. म्हणून मेम्सची किंमत ते वीज किती देते यावर करू नये, आहे ती वीज किती राखते यावर करावी.

गावातल्या डीपीची घूंघूं ऐका. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी किंचित ताणतो आणि आखडतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतो, म्हणून कंपने 100. क्वार्ट्‌झसारखे स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार येतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवले. अशा पदार्थाचा लेप दिलेली इवलीशी पट्टी नेमकी 100 कंपनांना जुळवली, तर ती डीपीवर अखंड डोलत राहील. त्या 50 मायक्रोवॅटने तासाभरात 0.18 ज्यूल ऊर्जा साठेल. 100 मिलिवॅट खाणारा रेडिओ सेकंदभर चालवायला 0.1 ज्यूल पुरते. म्हणजे तापमान किती, खांब किती कलला, हा निरोप ताशी एकदा जाऊ शकतो. कल ओळखणारे मेम्स तर आपल्या मोबाइलमध्येच आहे. फोन आडवा केला की पडदा फिरतो तो त्यामुळेच.

यावर कोणी म्हणेल, सौर पट्टी का नको? इथल्या पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, आणि झाडे तारांवर पडतात तीही तेव्हाच. लाइट गेली की घूंघूंही थांबेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यासाठी शेवटच्या निरोपापुरती ऊर्जा कपॅसिटरमध्ये राखून ठेवावी लागेल. वायरमनला हवा असतो तो नेमका हाच निरोप. रानातून खांबामागून खांब तपासत जाण्याऐवजी त्याला जागा आधीच कळेल. खर्च चिपचा फारसा नाही, त्या हजारोंनी एकाच चकतीवर बनतात. तो आहे पाणी आत न शिरू देणाऱ्या डबीचा आणि निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेचा. तो करण्याजोगा आहे. महावितरणने पुढच्या मृगाआधी चंदगडच्या एखाद्या जंगलातल्या फीडरवर हा प्रयोग करून पाहावा.