पायाच्या हाडाचा जबडा

तोंडाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा एकाच रुग्णाभोवती दोन पथके उभी असतात. एक पथक गाल, जबडा आणि मानेतल्या गाठी काढत असते, तर दुसरे त्याच वेळी रुग्णाच्या पायातून हाडाचा तुकडा सोडवत असते. आठ-दहा तासांनी ते हाड जबड्याच्या जागी बसलेले असते आणि त्यातून रक्त वाहत असते. शरीराच्या एका भागातून स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह दुसरीकडे नेऊन बसवलेल्या अशा ऊतीला ‘फ्लॅप’ म्हणतात.

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. त्यामागे मुख्यतः तंबाखू आहे. चुना मळलेली, गुटख्यातली, विदर्भातल्या खर्ऱ्यातली, अशी तिची रूपे अनेक. तंबाखूची गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवली जाते आणि आपल्याकडे कर्करोगही बहुधा तिथेच उगवतो. तिथून हाड आणि गालाची त्वचा फार दूर नसते. त्यामुळे गाठ काढताना तिच्याभोवतीची निरोगी दिसणारी ऊतीही कापावी लागते आणि अनेकदा जबड्याचा तुकडा किंवा गालाची पूर्ण जाडी जाते. जीव वाचला तरी लाळ गळत राहते, घास तोंडात टिकत नाही, बोललेले कुणाला कळत नाही.

अशा पोकळीवर मांडीची पातळ साल लावून भागत नाही. त्या सालीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ज्या जागेवर ती लावली, तिथूनच तिला पोषण मिळते. उघडे हाड, सतत झिरपणारी लाळ, शस्त्रक्रियेनंतर द्यावे लागणारे किरणोपचार यांपुढे ती टिकत नाही. तिथे स्वतःचे रक्त सोबत घेऊन येणारी जाड ऊतीच लागते.

हे सूत्र पुणे परिसरात फार पूर्वी वापरात होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रज सैन्यातला कावसजी नावाचा गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने ते पुन्हा घडवले. त्याने मेणाचा साचा कपाळावर ठेवून तेवढी त्वचा आखून घेतली, सोडवली आणि फिरवून नाकाच्या जागी बसवली. दोन भुवयांमधला त्वचेचा चिंचोळा देठ मात्र त्याने कापला नाही. त्यातून रक्त येत राहिले, म्हणून नवे नाक जगले. देठ कापायचा तो सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाकाने आपल्या जागी मूळ धरल्यावर. त्वचेच्या कर्करोगात नाक गमावलेल्या रुग्णांसाठी कपाळाचा फ्लॅप आजही वापरला जातो.

देठ राखण्याच्या याच सूत्रावर 1979 मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक स्टीफन एरियन यांनी छातीच्या स्नायूचा फ्लॅप मांडला. या स्नायूची रक्तवाहिनी गळपट्टीच्या हाडाखालून येते. ती तशीच ठेवून स्नायू आणि त्यावरची त्वचा त्या हाडावरून, मानेच्या त्वचेखालून, थेट तोंडापर्यंत नेता येते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि वेळही कमी लागतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर लाळ झिरपली तर ती फुटण्याचा धोका असतो. हा स्नायू तिच्यावर पांघरूण घालतो. रुग्णांची रीघ लागलेल्या भारतीय रुग्णालयांना या फ्लॅपने मोठा आधार दिला आणि आजही देतो.

पण देठ जिथवर पोहोचतो तिथवरच असा फ्लॅप जातो, आणि त्यातून जबड्याचे हाड मिळत नाही. ही मर्यादा सूक्ष्मदर्शकाने ओलांडली. 1960 मध्ये ज्युलियस जेकबसन यांनी दोन मिलिमीटरहून बारीक रक्तवाहिन्याही सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येतात हे दाखवले. आता देठ पूर्ण कापून ऊती दूर नेता येते आणि तिची धमनी व शीर मानेतल्या रक्तवाहिन्यांना केसाहून बारीक धाग्याने शिवता येते. जिभेसाठी मनगटाजवळची पातळ, लवचीक त्वचा घेतात, गालाच्या मोठ्या पोकळीसाठी मांडीची.

जबड्यासाठी घेतात ते नडगीला लागून, पायाच्या बाहेरच्या बाजूला असलेले फिब्युला हे बारीक हाड. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, म्हणून गुडघा आणि घोट्याजवळचे भाग राखून मधले हाड काढता येते. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये त्यापासून जबडा घडवण्याची रीत प्रसिद्ध केली. सरळ हाडाला पाचरीच्या आकाराचे छेद देऊन ते जबड्यासारखे वळवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बांधतात. हाडावरचे आवरण आणि रक्तवाहिनी अखंड ठेवल्याने प्रत्येक तुकडा जिवंत राहतो, शेजारच्या तुकड्याशी सांधतो. पुढे त्यात कृत्रिम दातही रोवता येतात.

शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत जोखमीचे. परिचारिका ठरावीक वेळाने फ्लॅपचा रंग आणि ऊब तपासते, दाबून रक्त परत किती वेगाने भरते ते बघते. फ्लॅप फिकट, गार पडला तर धमनी अडली असावी. निळसर होऊन फुगला तर शीर अडली असण्याची शक्यता जास्त. वेळेत लक्षात आले तर रुग्णाला पुन्हा आत नेऊन गुठळी काढता येते आणि बरेच फ्लॅप वाचतात. अनुभवी केंद्रांमध्ये असे शंभरातले पंचाण्णवहून अधिक फ्लॅप जगतात. त्यात रात्रपाळीच्या परिचारिकेच्या नजरेचा वाटा शल्यचिकित्सकाच्या हाताइतकाच मोठा आहे.

नवी ऊती जुन्यासारखी हुबेहूब नसते. तिला पूर्वीची संवेदना नसते. छातीची त्वचा आत बसवली तर तोंडात केसही उगवू शकतात. काही काळ नाकातल्या नळीने अन्न घ्यावे लागते, गिळणे आणि बोलणे नव्याने शिकावे लागते. म्हणून वाचा आणि गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांची साथ हवी, आणि घरच्यांचा धीरही.

हे सारे सौंदर्यासाठी चालते असा समज खोडून काढायला हवा. भरून काढण्याची सोय हाताशी असते, म्हणूनच गाठ काढणारा शल्यचिकित्सक हात न आखडता पुरेशी निरोगी कड घेऊन कापू शकतो, आणि रोग मागे राहण्याची शक्यता त्यामुळेच घटते. ‘चेहरा बिघडेल’ या भीतीने महिनोन्‌महिने जडीबुटीत घालवलेले अनेक जण उशिरा रुग्णालयात पोहोचतात, आणि तोवर गाठ वाढलेली असते. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंड उघडेनासे झाले, तर लगेच तपासून घ्यावे. गाठ लहान असताना कापावेही कमी लागते, आणि अनेकांना पायाच्या हाडाची गरजच पडत नाही.