जुन्या मोटारसायकलीचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबात वस्तूची किंमत दोन ठिकाणी लिहिलेली असते. एक हिशेबाच्या वहीत आणि दुसरी रोजच्या वापरात. समजा, २००९ मध्ये दुकानाच्या नावावर ४५,००० रुपयांना शंभर सीसीची एक मोटारसायकल घेतली. आयकराच्या नियमाप्रमाणे दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा धरला, तर पंधरा वर्षांनी वहीतील तिची किंमत चार हजार रुपयांच्याही खाली येते. वहीने जिला जवळजवळ निकालात काढले, ती गाडी मात्र सकाळी दुकान उघडायला, दुपारी उधारी वसूल करायला आणि संध्याकाळी मुलांना शिकवणीहून आणायला तशीच उभी असते.

अशा गाड्या काशीगावात गल्लोगल्ली दिसतात. त्यांत बहुसंख्य शंभर सीसीच्या, साध्या बांधणीच्या. हीरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल १९८५ मध्ये बाजारात आली, तिच्यामागून १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला आपले वाहन सापडले. ९७.२ सीसीचे हे चार स्ट्रोक इंजिन इतके साधे आहे, की त्याची निम्मी देखभाल घरच्या अंगणात होऊ शकते. प्रश्न एवढाच उरतो, की अशा गाडीवर किती खर्च करावा आणि कशावर करावा.

या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चाच्या जुन्या नियमात आहे. महसुली खर्च वेगळा आणि भांडवली खर्च वेगळा. गाडीला मूळ स्थितीत ठेवणारा खर्च पुरेपूर वसूल होतो. तिची मूळ स्थिती बदलणारा खर्च बहुधा बुडतो, आणि कधी कधी बुडताना माणसालाही सोबत घेऊन जातो.

आधी ताळेबंद

खर्चाला हात घालण्यापूर्वी गाडीची परीक्षा करावी. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळत आहे असे समजावे. म्हणजे पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा सिलिंडर यांचे काम निघणार. हे काम हजारांच्या घरात जाते. चासीच्या सांध्यांना आणि मागच्या फोर्कला खोलवर गंज लागला असेल, तर वरून रंग देऊन काही साधत नाही. हँडल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अपघातात चासी वाकली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

ही तिन्ही दुखणी नसतील तर गाडी ठेवण्याजोगी आहे. इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर, दोन्ही चाकांचे ब्रेक शू आणि केबली यांचा खर्च साधारण दीड-दोन हजारांत बसतो. चेन-स्प्रॉकेटचा संच आणि बॅटरी प्रत्येकी हजाराच्या आसपास, तर मागचे टायर-ट्यूब दोन हजारांच्या आसपास. सारे एकदमच बदलावे लागले तरी सहा हजारांच्या आगेमागे काम होते. नवी शंभर सीसी गाडी रस्त्यावर येईपर्यंत पाऊण लाखाच्या पुढे रक्कम जाते. हे अंतर पाहिले म्हणजे दुरुस्तीचा सौदा वाईट नाही, हे ध्यानात येते. मात्र एका वर्षाच्या दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या बाजारभावाहून अधिक निघाला, तर मोह आवरून तिला निरोप द्यावा.

काशीगावची हवा

गाडीची निगा स्थळानुसार बदलते. काशीगावच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला महामार्ग आणि घोडबंदर रस्त्यावरील अवजड वाहतूक. त्यात मेट्रो ९ च्या मार्गिकेचे आणि नव्या इमारतींचे बांधकाम गेली कित्येक वर्षे धूळ उडवीत आले आहे. भाईंदरची मिठागरे आणि वसईची खाडीही दूर नाहीत. धूळ, खारी दमट हवा आणि जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस, असे तीन शत्रू येथे एकत्र नांदतात.

धुळीचा पहिला मारा एअर फिल्टरवर होतो. फिल्टर फोमचा असेल तर तो रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळवटता दाबून कोरडा करावा आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेलाचा हलका हात देऊन बसवावा. कागदी असेल तर धुण्याच्या फंदात न पडता बदलावा. चोंदलेला फिल्टर पेट्रोल अधिक पितो आणि प्लग काळा करतो. ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार घेऊन गॅरेज गाठण्यापूर्वी हे पाच मिनिटांचे काम घरी करून पाहावे.

खाऱ्या हवेचा मारा चेनवर, केबलींवर आणि विजेच्या जोडण्यांवर होतो. स्प्लेंडरची चेन पूर्ण झाकलेली असते, हा मोठाच लाभ. परंतु झाकलेली वस्तू दुर्लक्षितही राहते. झाकणावरील रबरी बूच काढून चेन बोटाने वर-खाली हलवून पाहावी. २० ते ३० मिलिमीटरचा ढिलेपणा योग्य. चेन ताणताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, अन्यथा चाक तिरपे बसते. चेन ताणली की मागच्या ब्रेकचा पायंडाही बदलतो. म्हणून तोही त्याच वेळी जुळवावा. हे सारे इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवीत करायचे. चालू इंजिनावर चेन पुसताना बोटे गेल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांना नवी नाहीत.

आणखी एक बदल इंधनाचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते. त्यामुळे पेट्रोलची नळी, टाकीच्या झाकणाचे रबर आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग कडक होऊन तडकले आहेत का, हे दर सहा महिन्यांनी पाहावे. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे. पेट्रोलशी संबंधित कोणतेही काम मोकळ्या हवेत, दिवा-उदबत्तीपासून दूर करावे. जिन्याखालील मीटरच्या पेटीजवळ तर कदापि नाही.

घरचे काम, गॅरेजचे काम

घरी करण्याजोगी कामे थोडी आहेत, पण तीच आयुष्य वाढवणारी आहेत. ऑइल बदलणे हे त्यांतले पहिले. इंजिन दोन-चार मिनिटे चालवून कोमट करावे, गाडी मुख्य स्टँडवर सपाट जागी लावावी आणि खालचा बोल्ट उघडून जुने ऑइल भांड्यात घ्यावे. बोल्ट पुन्हा बसवताना वॉशर नवा घालावा आणि पाना बेताने आवळावा. इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असतो. जोर अधिक झाला तर आटे जातात आणि शंभर रुपयांच्या बचतीपायी हजाराचे काम निघते. नवे ऑइल पुस्तिकेतील दर्जाचे आणि मोजून भरावे. लिटरभराचा डबा पुरतो. जुने ऑइल गटारात ओतू नये. ते बाटलीत भरून गॅरेजात द्यावे, कारण तेथून ते पुनर्वापरासाठी गोळा होते. घोटभर ऑइलही खाडीच्या पाण्यावर दूरवर पसरते आणि त्यातील जीवांना भोवते.

टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना पाहावी. एकटा स्वार असेल तर पुढे २५ आणि मागे २८ पौंड हे साधारण प्रमाण. मागे माणूस बसणार असेल तर मागची हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवावी. ब्रेकची झीज ओळखायला चाक उघडावे लागत नाही. ड्रमजवळच्या दांडीवर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण ड्रमच्या झाकणावरील खुणेशी येऊन ठेपला, तर शू संपले. ड्रम उघडलाच तर आतली भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

टॅपेट, क्लचच्या प्लेटा, पुढच्या फोर्कचे तेल आणि ऑइल गाळणारी इंजिनातील फिरती वाटी ही कामे मात्र अनुभवी मेकॅनिकवर सोपवावीत. गाडी ताब्यात घेताना काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि बिल तपशीलवार घ्यावे. दुकानात माल मोजून घेणाऱ्याने गॅरेजातही तसेच वागावे, यात संकोच कसला?

बदलांचा मोह

घरातील तरुण मुलाच्या हाती जुनी गाडी आली, की तिचे रूप पालटण्याची इच्छा त्याला होते. ही इच्छा स्वाभाविक आहे. तिला सरसकट नकार देण्यापेक्षा एक कसोटी द्यावी. केलेला बदल अर्ध्या तासात पूर्ववत करता येतो का, आणि त्याने गाडीचा ब्रेक, वीज, आवाज किंवा नोंदणीतील तपशील बदलतो का?

सीटचा खचलेला फोम बदलून घेणे, चांगला मडगार्डचा पडदा, लेगगार्ड, सामानासाठी बाजूची पेटी, फ्यूज लावून बसवलेला मोबाइल चार्जर हे बदल या कसोटीवर उतरतात. दिव्याचे गणित मात्र वेगळे. जुन्या स्प्लेंडरचा मुख्य दिवा ३५ वॉटचा. बारा व्होल्टवर तो सुमारे तीन अँपिअर प्रवाह घेतो. त्या जागी १०० वॉटचा बल्ब बसवला तर प्रवाह आठ अँपिअरच्या वर जातो. तीन अँपिअरसाठी ओढलेली बारीक वायर आणि स्विच तापतात, वितळतात. उजेड कमी वाटत असेल तर आधी काच आणि आतील परावर्तक स्वच्छ करावा, जोडण्यांवरील हिरवट गंज काढावा. निम्मा उजेड तेथेच परत मिळतो.

जाड टायर हा दुसरा मोह. मूळ माप २.७५-१८. त्याहून रुंद टायर चेनच्या झाकणाला घासतो, गाडी जड होते आणि ॲव्हरेज घटते.

तिसरा मोह साडीगार्ड काढण्याचा. गाडी हलकी आणि देखणी दिसावी म्हणून तरुण मुले पहिला पाना त्यावरच लावतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे. ज्या घरातील आई, पत्नी, बहीण साडी किंवा ओढणी सावरीत मागच्या सीटवर बसते, त्या घराला नियमाचा क्रमांक सांगण्याची गरज नसावी. पदर चाकात गेला की सावरायला क्षणही मिळत नाही. दोनशे-तीनशे रुपयांची ती जाळी संपूर्ण गाडीत सर्वांत स्वस्त विमा आहे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्कश सायलेन्सरसारख्या आवाज-प्रदूषणाच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रंग बदलला तरी त्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते.

नोंदणीची मुदत १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. त्यासाठी शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. येथील जुन्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच ०४ हा क्रमांक आहे. २०२५ मध्ये मिरा-भाईंदरला एमएच ५८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण त्यामुळे जुन्या गाडीचा क्रमांक बदलत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे राज्यात आवश्यक आहे. दुचाकीसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक कर असा ठरला. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७१४ रुपये अधिक कर. हा विमा नसताना एखाद्या पादचाऱ्याला धक्का लागला, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर, म्हणजे दुकानाच्या भांडवलावर येतो.

गाडीची वही

यासाठी शंभर पानी एक वही गाडीच्या नावाने घालावी. डाव्या पानावर तारीख, किलोमीटर आणि भरलेले पेट्रोल. उजव्या पानावर बदललेला भाग, त्याची किंमत आणि पुढची मुदत. पीयूसी, विमा आणि नोंदणी यांच्या तारखा पहिल्या पानावर ठळक. तीन महिन्यांत ॲव्हरेज साठवरून पन्नासवर आले, की ही वही दुखणे आधीच सांगते. गाडी विकायची वेळ आलीच, तर नीट ठेवलेली वही पाहून घेणारा चार पैसे अधिकच देतो.

आणि खर्चाचा क्रम एकच असावा. प्रथम ब्रेक, मग टायर, मग दिवे, मग चेन, त्यानंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, हातात दोन हजारच असतील तर ते पहिल्या दोन गोष्टींवर लावावेत. हेल्मेटचा खर्च या यादीत धरलेला नाही. तो चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांसाठीही, गाडी घराबाहेर काढण्यापूर्वीच झालेला असला पाहिजे.