मातृ-शिशू चित्रांतील फुलांची प्रतीके

माता मरिया आणि बाळ येशू यांच्या चित्रांतील फुले केवळ शोभेसाठी नसतात. युरोपीय परंपरेत पांढरी लिली मरियेच्या निष्कलंकतेचे, तर तांबडा गुलाब पुढे येणाऱ्या वेदनेचे प्रतीक मानला जातो. लिओनार्दो दा विंची याच्या ‘बेन्वा मॅडोना’ या चित्रात हसरी आई बाळापुढे एक लहानसे फूल धरते. त्याच्या चार पाकळ्या क्रूसाच्या आकाराच्या आहेत. बाळाला ते खेळणे वाटते. जाणत्या प्रेक्षकाला मात्र त्यात त्याच बाळाचा मृत्यू दिसतो. एकच फूल वात्सल्य आणि कारुण्य दोन्ही जागवते, हे प्रतीकाचे सामर्थ्य होय.

परंतु हा अर्थ फुलात उपजत नसतो. तो समाजाच्या स्मृतीतून येतो. ज्याच्या परिसरात लिली नाही, त्याला ती काय सांगणार? गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांच्या कलेमागे असाच प्रश्न होता. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकून आल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आश्रय मिळाला.

अशा भारतीय शैलीच्या ख्रिस्ती चित्रांत लिलीच्या जागी अनेकदा कमळ येते. चिखलात उगवूनही ते निर्मळ राहते. त्यामुळे निष्कलंकतेचा अर्थ येथील प्रेक्षकाला सहज उमगतो. मात्र कमळ एकटे येत नाही. त्याच्यासोबत लक्ष्मीची आणि बुद्धाचीही आठवण येते. म्हणजेच प्रतीक बदलले की अर्थ नुसता पोहोचत नाही, तो विस्तारतो. टीकाकारांना याचेच भय वाटले, तर चित्रकाराला हेच हवे होते, असे म्हणता येईल.

मराठी साहित्यात ही प्रक्रिया त्याआधीच घडली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) ओवी छंदात रचले, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला आणि मराठीची थोरवी सांगताना तिला फुलांमधील मोगरीची उपमा दिली. परकी कथा आपली व्हायची, तर तिला इथल्या मातीतले फूल लागते.

स्वाध्याय : यशोदा-कृष्णाच्या एखाद्या परिचित चित्रातील फुलांचा प्रतीकार्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.